शेवट खिशात ठेवा

(सदराकडे आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून)

सर, नमस्कार. मी धुळे जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. चार वर्षं झाली. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पटावर ८६, हजर पन्नासेक. बहुतेक मुलं शेतकऱ्यांची, सगळी मराठी माध्यमातली. मागणीची लवचिकता (भाव बदलला की मागणी किती हलते) विचारली की गाईडमधली व्याख्या स्वल्पविरामासकट म्हणून दाखवतात, पण अर्थ विचारला की माना खाली. दिवाळीनंतर एका प्रशिक्षणात केस, म्हणजे एखाद्यापुढचा खरा पेच, देऊन शिकवण्याची पद्धत सांगितली. मला ती फार आवडली. अमेरिकेतल्या एका कॉफीच्या दुकानसाखळीची केस मिळवली, रात्री जागून भाषांतर केलं, स्वतःच्या पैशानं पन्नास झेरॉक्स काढल्या. वर्गात वाटल्या, वाचून दाखवल्या, प्रश्न विचारले. कुणीच बोललं नाही. शेवटी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे कोणत्या युनिटमध्ये येतं?" विभागप्रमुख म्हणाले, "गोष्टी शाळेत सांगतात, तुम्ही सिलॅबस संपवा." सर, पद्धत चुकीची आहे की मी? आपल्याकडच्या मुलांना हे जमेल का? केस आणायच्या कुठून, आणि एवढ्या मोठ्या वर्गात, ४८ मिनिटांत घ्यायच्या कशा?

— एक प्राध्यापिका, धुळे जिल्हा

ताई,

झेरॉक्सचे पैसे वाया गेले म्हणून हळहळू नका. माझा पहिला प्रयोग तुमच्याहून वाईट झाला होता. मी साबणाच्या कंपनीची केस नेली होती: किंमत उतरवावी की जाहिरात वाढवावी? दहा मिनिटं वर्ग भिंतीकडे बघत बसला. मग चोपड्याकडचा एक मुलगा अगदी मनापासून म्हणाला, "सर, साबण तर आई आणते." वर्ग हसला, मीही हसलो, आणि कागद गोळा करून पिशवीत टाकले. त्या दिवशी मला राग मुलांचा आला होता. खरं तर तो मुलगा मला माझी चूक सांगत होता. ज्या निर्णयाशी आपला काडीचा संबंध नाही, त्यावर माणूस काय बोलणार?

'केस' म्हटलं की आपल्याकडे आधी कोर्ट आठवतं, मग डोकं. पुस्तकात याला व्यष्टी अध्ययन म्हणतात, पण तो शब्द ऐकून झोप येते, म्हणून मीही केसच म्हणतो. आणि कोर्ट आठवतं यात वावगं काही नाही. ही पद्धत सुरूच झाली वकिलीच्या वर्गात. १८७० मध्ये हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये लँगडेल नावाच्या प्राध्यापकांनी कायद्याची तत्त्वं व्याख्यानातून सांगणं सोडून खऱ्या खटल्यांचे निकाल विद्यार्थ्यांच्या हातात दिले. पुढे तिथल्याच बिझनेस स्कूलनं १९२० च्या दशकात ती उचलली, आणि १९६१ मध्ये अहमदाबादला आयआयएम उभी राहिली ती हार्वर्डच्या सहकार्यानं, त्यामुळे पद्धतही तिथे आली. तुमच्या प्रशिक्षणात जी शिकवली ती या घराण्यातली. तिथली मुलं आदल्या रात्री वीस पानं वाचून येतात. आपली मुलं सकाळी ढोरांचं चारापाणी करून, सातची एसटी धरून येतात. पद्धत तीच ठेवून चालत नाही, तिला आपल्या मापाचं शिवावं लागतं.

माझ्या वर्गात ती कशी शिवली गेली ते सांगतो, कारण ती मी शिवलीच नाही, अपघातानं जमली.

पुरवठ्याचा तास होता. यावल तालुक्यातला एक मुलगा अर्धा तास उशिरा आला. पायाला चिखल, शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग. मी विचारलं, कुठे होतास? म्हणाला, केळी कापायची होती, गाडी उशिरा आली. मी सहज विचारलं, काय भाव लागला? तर म्हणाला, "बोर्डाचा भाव वेगळा आन् हातात पडला तो वेगळा. दोनशेनं कमी दिला." वर्गातला कुणीतरी म्हणाला, मग द्यायचा नाही ना. त्यावर तो जरा चिडूनच बोलला: "नाही देऊन काय करू? घड झाडावर पिकला तर गायीसुद्धा खात नाहीत मग."

तेवढ्यात पारोळ्याकडची एक मुलगी हळूच म्हणाली, "आमच्याकडे असं नाही. आमना घरमा अजून कापूसच शे. बाबा म्हणतात भाव वाढी." वर्गात कुणी अहिराणीत बोललं की बाकीचे हसतात, त्या दिवशी कुणी हसलं नाही. केळीवाला तिच्याकडे वळून म्हणाला, "तुमचं बरं आहे, तुम्हाला थांबता येतं." ती म्हणाली, "थांबता येतं, पण झोपायला जागा नाही. सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली."

मी फळ्याजवळ उभा होतो. खडू हातात होता आणि पाठ वर्गाकडे, कारण अत्यल्पकाळातल्या पुरवठ्याची उभी रेषा (भाव काहीही असो, बाजारात आलेला माल तेवढाच) काढत होतो. ती रेषा मी कित्येक वर्षं काढत आलो होतो. पुस्तकातलं उदाहरण मासळीचं. धरणगावच्या मुलाला मासळीबाजार दाखवून मी इतकी वर्षं काय शिकवत होतो, देव जाणे. त्या दिवशी मी काही शिकवलं नाही. फळ्यावर एका बाजूला 'केळी', दुसऱ्या बाजूला 'कापूस' लिहिलं आणि विचारलं, या दोघांत भाव ठरवताना कुणाचा हात वर राहतो, आणि का? तास संपल्याची घंटा झाली तेव्हा कुणी उठलं नाही. माझ्या उभ्या नोकरीत असं फार वेळा घडलेलं नाही.

त्यातून मला जे कळलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या कॉफीच्या दुकानात काय बिघडलं ते आपोआप दिसेल. गोष्ट आणि केस यांत फरक शेवटाचा आहे. गोष्टीला शेवट असतो, केसचा शेवट सांगणाऱ्याच्या खिशात असतो. केसमध्ये एक माणूस असतो, एक तारीख असते, त्या तारखेला त्याला जेवढं माहीत आहे तेवढंच आपल्याला माहीत असतं, आणि उद्या सकाळी त्याला काहीतरी ठरवायचं असतं. बस. तुमचे विभागप्रमुख म्हणतात 'गोष्टी शाळेत सांगतात' ते बरोबर आहे. तुम्ही गोष्ट सांगूच नका.

आता एक केस पूर्ण बांधून दाखवतो. ती मी निवृत्तीनंतर दोन कॉलेजांत पाहुणा म्हणून घेतली आहे. तुम्ही जशीच्या तशी उचलली तरी माझी हरकत नाही.

तारीख: संक्रांतीचा आठवडा, जानेवारी २०२३. पारोळा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. घरात चाळीस क्विंटल कापूस. दारात खेडा खरेदीचा व्यापारी उभा, म्हणतो, ८,२५० देतो, काटा माझा, पैसे रोख. गेल्या हंगामात, म्हणजे २०२१-२२ ला, भाव दहा हजारांच्या वर गेला होता, आणि याने तेव्हा नोव्हेंबरातच विकून टाकला होता. शेजाऱ्याने ठेवला होता. शेजाऱ्याकडे आता ट्रॅक्टर आहे. या वर्षीचा हमीभाव मध्यम धाग्याला ६,०८० आणि लांब धाग्याला ६,३८० आहे. विकास सोसायटीचं कर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजाची सवलत, नाहीतर नाही. शिवाय सावकाराकडून पन्नास हजार, महिन्याला शेकडा दोननं. कापूस ठेवला तर वाळून घट येते, मेपर्यंत चार टक्के धरा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी येणार, रिकाम्या हातानं पाठवता येणार नाही. गावात सगळे म्हणतात, थांबा, भाव दहा हजारांवर जाणारच.

विकायचा की ठेवायचा?

एवढंच. अर्धं पान. झेरॉक्सही लागत नाही, फळ्यावर आकडे लिहून काम भागतं.

पहिला प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर कुणालाही देता येईल: सगळा आज विकला तर हातात किती? चाळीस गुणिले ८,२५०, तीन लाख तीस हजार. शेवटच्या बाकावरचाही सांगेल. ज्या मुलानं पहिल्या पाच मिनिटांत एकदा तोंड उघडलं, तो नंतरही उघडतो. ज्यानं उघडलं नाही, तो तासभर उघडत नाही. हा माझा अनुभव, संशोधन वगैरे काही नाही.

मग लगेच मत घ्या. विकणारे किती, ठेवणारे किती, निम्मा-निम्मा करणारे किती. हात वर करा, मोजा, फळ्याच्या कोपऱ्यात आकडे लिहा आणि पुसू नका. माझ्याकडे दोन्ही कॉलेजांत ठेवणारे जास्त निघाले. कारण विचारलं तर एकच: गेल्या वर्षी दहा हजार मिळाले होते.

इथं आकड्याला हात घाला. ठेवायचा तर मेमध्ये किती भाव मिळाला म्हणजे नुकसान होणार नाही? मुलांना वाटतं ८,२५० च. मग करा हिशेब. चार टक्के घट म्हणजे चाळीसचे ३८.४ क्विंटल उरले. सावकाराचे पैसे आज फिटले नाहीत, म्हणून त्याचं चार महिन्यांचं व्याज चार हजार. म्हणजे ३८.४ क्विंटलमधून तीन लाख चौतीस हजार निघायला हवेत, तेव्हा कुठे बरोबरी. भागाकार एका मुलीला फळ्यावर करायला लावा. ८,७०० च्या आसपास येतं. सोसायटीची व्याजसवलत गेली ती वेगळीच. वर्गात एक 'अरे!' उमटतो. हा 'अरे' ऐकायला मी आजही बस धरून साठ किलोमीटर जातो. संधी खर्च, म्हणजे एक वाट धरताना सोडून दिलेल्या दुसऱ्या वाटेची किंमत, या शब्दावर मी पूर्वी पूर्ण तास घालवायचो, हाती काही लागत नसे. या भागाकारानंतर तो शब्द फळ्यावर लिहायला दहा सेकंद लागतात. शब्द नंतर, हिशेब आधी, हा क्रम मात्र उलटू देऊ नका.

त्यानंतर पुन्हा मत घ्या. थोडे हात हलतात, सगळे नाही. न हललेल्यांना विचारा, का? कुणी म्हणेल, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर. त्यावर वर्ग हसेल, पण तुम्ही हसू नका, तो अर्थशास्त्रातलाच मुद्दा आहे. माणूस आपला नफा मोजत नाही, शेजाऱ्याच्या तुलनेत आपण कुठे चुकलो ते मोजतो.

आणि मग तो प्रश्न, ज्याच्यासाठी हा सगळा घाट. मॅनेजमेंटवाल्यांची केस इथं संपते: या माणसानं काय करावं? आपली इथं सुरू होते: सगळ्यांनी तसंच केलं तर? जळगाव, धुळे, नंदुरबार, तिकडे मराठवाडा, विदर्भ, सगळ्यांनीच कापूस घरात ठेवला तर जानेवारीत काय होईल? जिनिंगवाल्याला माल मिळणार नाही, भाव थोडा टिकेल. आणि मेमध्ये? पेरणीला पैसा लागतो, पावसाच्या आत घर रिकामं करायचं असतं, सगळे एकदमच विकायला निघतात. जी गोष्ट एकासाठी शहाणपणाची, ती सगळ्यांनी केली की अंगाशी येते. माझ्या मते पदवीच्या तीन वर्षांत मुलाला एवढं एक कळलं तरी फी वसूल झाली. आणि हे व्याख्यानातून कळत नाही, कारण ऐकताना माणूस स्वतःला नेहमी त्या 'सगळ्यां'च्या बाहेर धरतो. आधी हात वर करायला लावला की त्याला बाहेर पडता येत नाही.

मुद्दाम एक आकडा केसमध्ये न उलगडता ठेवला आहे. हमीभाव ६,३८० आहे म्हणून कुणीतरी म्हणेल, काळजी काय, सीसीआय (हमीभावानं कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ) घेईल. बाजारभाव हमीभावाच्या वर असताना सीसीआयचं केंद्र आपल्याला काय कामाचं, हे त्यांच्याच तोंडून निघू द्या. हमीभाव म्हणजे खाली अंथरलेली गोधडी. पडायच्या वेळी कामाची, चढायच्या वेळी नाही.

शेवट मागून मागून मुलं हैराण झाली की खिशातून काढा. भाव दहा हजारांवर गेला नाही. उतरत उतरत मे-जूनमध्ये सात-साडेसात हजारांवर आला. सात हजार धरले तर ३८.४ क्विंटलचे दोन लाख अडुसष्ट हजार आठशे. मग कारणं: आंतरराष्ट्रीय बाजार २०२२ च्या मध्यापासूनच पडला होता, सूतगिरण्यांची मागणी थंड होती, आणि त्याआधी एप्रिल ते ऑक्टोबर २०२२ या काळात केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं होतं. पारोळ्याच्या त्या घरातल्या खोलीचा संबंध कुठकुठल्या गावांशी आहे, हे सांगायची हीच वेळ. आयात शुल्काचा धडा पुढच्या सत्रात आहे म्हणून थांबू नका, आता भूक लागली आहे तर आताच वाढा.

पण शेवट सांगितला की एक धोका असतो, आणि तो मी पहिल्या वेळी ओळखला नाही. विकणारी मुलं ठेवणाऱ्यांना चिडवायला लागली. 'बघ, मी म्हटलं होतं.' निकाल बघून निर्णयाला मार्क देण्याची ही सवय फार वाईट, आणि आपण सगळेच ती लावून घेतो. म्हणून आता मी लगेच विचारतो: हीच केस जानेवारी २०२२ ची असती तर? तेव्हा थांबलेला शहाणा ठरला होता. मग शहाणपण कशात? किती टक्के विकला यात, कर्ज किती होतं यात, की फक्त नशिबात? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि नसल्याचं मी वर्गात सांगतो. एका मुलानं दिलेलं उत्तर मला अजून आवडतं: "सर, ज्याच्यावर कर्ज नाही त्याचा कापूस आणि ज्याच्यावर आहे त्याचा कापूस, हे दोन वेगळे माल आहेत."

आता तुमच्या बाकीच्या शंका, भराभर.

पन्नास मुलं आणि ४८ मिनिटं. केस रोज घ्यायची नाही. एका युनिटला एक, सत्रात चार, पुष्कळ झालं. तुमची व्याख्यानं सुटणार नाहीत. बोलायच्या आधी प्रत्येकाला वहीत दोन ओळी लिहू द्या: विकणार की ठेवणार, आणि का. दोन मिनिटं. यानं पहिल्या बाकावरच्या चार जणांची मक्तेदारी मोडते, आणि मुली बोलतात. आपल्याकडच्या मुली एकदम उठून बोलत नाहीत, पण लिहिलेलं वाचून दाखवतात. वाचून दाखवता दाखवता मग वाद घालतात. मोबाइल मात्र पिशवीत ठेवायला लावा, नाहीतर कुणीतरी २०२३ चा मे महिना शोधून काढतो आणि सगळी मजा जाते.

केस आणायच्या कुठून, असं विचारता. ताई, तुम्ही धुळ्यात बसून हे विचारता म्हणजे कमाल आहे. तुमच्या उशाशी पांझरा नदी आहे. तिच्यावरच्या बंधाऱ्यांची फड पद्धत शेकडो वर्षांची. बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक, पाणी पाटकऱ्याच्या हातानं. कुणी एकानं जास्त घेतलं तर काय? यंदा पाणी कमी असेल तर कोणता फड कोरडा ठेवायचा, आणि ज्याची सगळी जमीन त्याच फडात येते त्यानं काय खायचं? सामायिक मालमत्तेचा प्रश्न पुस्तकात गायरानाच्या उदाहरणानं देतात आणि बहुतेकदा 'सगळं उजाड होतं' इथं थांबतात. लोक स्वतः नियम करून ते सांभाळूही शकतात, हे जगभरच्या अशाच पाणीव्यवस्था, कुरणं, मासेमारी अभ्यासून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मुलींना हे जरूर सांगा. पण आधी मुलांना एखाद्या म्हाताऱ्या पाटकऱ्याकडे पाठवा. नव्या शैक्षणिक धोरणात फिल्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत, ते गाईडवरून उतरवण्यापेक्षा इथं खर्च होऊ देत.

अमळनेरची केसही सगळ्यांना हवी असते. १९४५ मध्ये तिथं वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, आणि ज्यांनी जुने शेअर धरून ठेवले ती घरं बोनसवर बोनस मिळत श्रीमंत झाली. मुलांचे डोळे चमकतात. मला ही केस धोक्याची वाटते. शेवट इतका प्रसिद्ध आहे की खिशात राहतच नाही, आणि मुलं एकच शिकतात: शेअर घ्या आणि विसरा. घ्यायचीच असेल तर त्याच काळात ज्यांनी दुसऱ्याच कुठल्या कंपनीचे कागद घेतले आणि ते ट्रंकेत पिवळे पडले, त्यांना शोधून आणा. एक केस सिद्धांत सिद्ध करत नाही. म्हणून मी नेहमी जोडी लावतो, केळीसमोर कापूस, तरलेल्यासमोर बुडालेला. जोडी नसेल तर केस म्हणजे नुसती ऐकीव बढाई.

एक गोष्ट जपून करा. व्यापारी हा आपल्या सगळ्या केसांमधला खलनायक होऊन बसतो. तुमच्या वर्गात व्यापाऱ्याचीही मुलं बसलेली असतात. माझ्या वर्गात रावेरकडच्या केळी व्यापाऱ्याची मुलगी होती. तीन तास ती काही बोलली नाही. चौथ्यांदा मीच म्हटलं, आज दिल्लीला गाडी तू पाठवणार, हिशेब दे. तिनं कापणीची मजुरी, भाडं, वाटेत काळी पडणारी केळी, पिकवणुकीतली तूट, आणि दिल्लीच्या आडत्यानं महिनाभर न दिलेले पैसे, सगळं तोंडपाठ सांगितलं. यावलचा मुलगा गप्प झाला. पटलं असं नाही, पण पुढच्या वेळी त्यानं 'दोनशेनं लुटलं' म्हणण्याऐवजी 'दोनशेतले किती खर्चाचे आणि किती त्याचे?' असं विचारलं. मला तेवढं पुरे. आणि कर्जापायी ज्या घरात वाईट घडलं, त्या घराची केस करू नका. गाव, महिना, पीक बदललं तरी मुलं ओळखतात. त्या बाकावर कोण बसलं आहे, हे आपल्याला माहीत नसतं.

सगळ्याच युनिटला केस शोधू नका. समवृत्ती वक्राला केस नसते, राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या पद्धतींनाही ओढूनताणून लावू नका. तिथं खडू, फळा आणि सराव. पूर्ण स्पर्धेला, म्हणजे कुणा एकाच्या हातात भाव नसलेल्या बाजाराला, मात्र एक खेळ आहे. हार्वर्डला चेंबरलिन नावाचे प्राध्यापक वर्गातच बाजार भरवायचे: निम्म्यांना विक्रेत्याचं कार्ड, त्यावर किमान किंमत, निम्म्यांना ग्राहकाचं, त्यावर कमाल किंमत, आणि फिरा, सौदे करा. १९४८ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलंही. त्यांच्या वर्गात तो खेळ खेळलेला एक विद्यार्थी, व्हर्नन स्मिथ, पुढे असेच प्रयोग करत राहिला आणि २००२ चं नोबेल घेऊन गेला. भुसावळच्या भाजीबाजारात वाढलेली मुलं हा खेळ हार्वर्डच्या मुलांपेक्षा जास्त आरडाओरडा करून खेळतात, तेव्हा शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.

राहिले तुमचे विभागप्रमुख. त्यांच्याशी पद्धतीवर वाद घालू नका. मार्कांची भाषा बोला. 'संधी खर्च स्पष्ट करा' या प्रश्नाला गाईडवाला चार ओळी लिहितो. ज्यानं ८,७०० चा भागाकार केला आहे, तो व्याख्या लिहून खाली हिशेब मांडतो. चाचणीचे असे दोन पेपर शेजारी ठेवून त्यांना दाखवा. केसच्या शेवटी दहा मिनिटं राखून ठेवायची आणि आज फळ्यावर आलेले शब्द विद्यापीठाच्या प्रश्नाच्या साच्यात वहीत उतरवून घ्यायचे, हे चुकवू नका. ती मुलगी 'कोणत्या युनिटमध्ये येतं' म्हणाली ना, तिचा प्रश्न रास्त होता. तिला उत्तर मिळालं पाहिजे. आणि जमलं तर विभागप्रमुखांनाच एका तासाला व्यापाऱ्याच्या भूमिकेत बोलवा. एकदा का त्यांनी वर्गात घासाघीस केली की सिलॅबसचा विषय काही दिवस तरी निघणार नाही. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, मान सांभाळून चालावं लागतं हे मला ठाऊक आहे, म्हणून हा मार्ग सुचवतो. कायम असता तर दुसरा सुचवला असता.

पहिली केस जानेवारी २०२३ ची घ्या, तिचा शेवट तुमच्याकडे आहे, हात थरथरणार नाहीत. दुसऱ्या वेळी यंदाचा कापूस घ्या. तास ठेवाल त्याच्या आदल्या दिवशी बाजार समितीतला भाव विचारून घ्या, मुलांची मतं तारीख घालून एका पाकिटात बंद करा, आणि पाकीट विभागाच्या कपाटात ठेवा. मेमध्ये उघडू. तोवर शेवट तुमच्याही खिशात नसेल. उघडाल तेव्हा मला कळवा, किती जणांनी ठेवायचा म्हटलं होतं. मी स्वतः काय लिहिलं असतं ते तोपर्यंत सांगत नाही.